दादासाहेब आणि यशवंतराव : हिशेब जमिनीचा

नाशिकने लोकसभेत दोन मोठे नेते पाठवले. १९५७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, तर १९६३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण, तेही बिनविरोध. एकाच्या पाठीशी काळाराम मंदिर सत्याग्रहाची झुंज, दुसऱ्याच्या पाठीशी सत्ता.

यशवंतरावांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. ते मुख्यमंत्री असताना १९५८ च्या कायद्याने महार वतनाचे जोखड गेले, राज्यात बौद्धांना सवलती मिळाल्या, १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. पुढे १९७९ साली ते उपपंतप्रधान झाले.

पण कायदा झाला म्हणून भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. तो प्रश्न दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या सत्याग्रहांत तुरुंग भरून विचारला. पहिला लढा तर यशवंतरावांच्याच राजवटीतला! मात्र १९६७ साली दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला आणि रिपब्लिकन नेत्यांना लढ्यापेक्षा वाटाघाटीची गोडी लागली. हेही आपणच बोलले पाहिजे.

आज दोघांच्या पुतळ्यांना हार पडतात आणि गायरान कसणाऱ्याला अतिक्रमणाची नोटीस येते. गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या जगपालसिंग निकालात शासकीय आदेशाने भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. म्हणून दंडाच्या पावत्या, पंचनामे जपा, तहसीलवर एकजुटीने जा. दादासाहेबांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक गटाला आमचा एकच सवाल आहे : तुमच्या तालुक्यात किती सातबारे झाले?