बरोबरीचा डाव

रात्रपाळीतही ज्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही, तिथे बुद्धिबळाची एखादी स्पर्धा भरली आणि दिवसभर सायझिंगच्या हिशेबवह्यांत मान घालून बसलेला कोणी हौशी खेळाडू चार तासांच्या झुंजीनंतर सभागृहाबाहेर आला, की सोबती त्याला जिंकलास की हरलास एवढेच विचारतात. आणि बरोबरी झाल्याचे कळताच त्यांच्या मुद्रेवर जी उदासीनता पसरते, ती मला त्या खेळाडूवरील अन्याय वाटते.

दहा-बारा खेळ्यांत हस्तांदोलन करून अर्धा अर्धा गुण वाटून घेणाऱ्यांची तरफदारी मी करीत नाही. २००५ साली सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंना परस्पर तह करण्याची मनाई झाली, ती योग्यच होती. परंतु एका बाजूस राजा, हत्ती व प्यादे आणि दुसऱ्या बाजूस केवळ राजा व हत्ती उरले असता, दुबळ्या पक्षाने आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करून हत्तीने तिसरी ओळ अडवून धरावी, प्यादे त्या ओळीत शिरताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा आणि आडोसा गमावलेल्या शत्रूच्या राजाला मागून शहावर शह देत राहावे, हा अठराव्या शतकात फिलिदोर या फ्रेंच पंडिताने दाखविलेला बचाव घड्याळात दोन मिनिटे उरली असताना बिनचूक पार पाडणे सामान्य बुद्धीचे काम नव्हे. हत्ती एक खेळी लवकर हलला तरी डाव हातचा जाऊ शकतो. तशा वेळी मिळविलेला अर्धा गुण हा पराजयाच्या जबड्यातून काढलेला असतो, आणि समोरच्यानेही तो सुखासुखी सोडलेला नसतो.

जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख व कोनेरू हंपी यांचे पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही तसाच. आपण पेढे वाटले ते अखेरच्या डावाचे, पण हंपीसारख्या अनुभवी प्रतिस्पर्धिनीपुढे त्या तीन डावांत टिकून राहिल्यावाचून तो डाव दिव्याच्या वाट्याला आलाच नसता.

म्हणून भिवंडीच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, सर्वोत्तम बचावासाठी त्यांनी एक स्वतंत्र पारितोषिक ठेवावे, त्याचा फैसला पंचांनी नोंदपत्रिका तपासून करावा, आणि तो डाव बक्षीस समारंभात सर्वांसमक्ष पटावर मांडून दाखवावा.