काडीमोड, कोर्ट आणि दोघांची संमती



संसार मोडणे ही सुखाची गोष्ट नव्हे. ज्या घरात त्रिशरण-पंचशील नुकतेच आले, त्या घरात तर या विषयाचे नाव काढणेही कित्येकांना अप्रशस्त वाटेल. तरीही आम्ही आज त्यावर लिहीत आहोत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत मोडलेला संसार नीट न सोडवल्यामुळे आपल्या माणसांचे जे हाल होतात, ते झाकून ठेवल्याने धम्माची शोभा वाढत नाही.

आपल्याकडे अशा वेळी दोनच वाटा ठाऊक आहेत. पहिली बैठकीची. चार वडीलधारे जमतात, स्टँपपेपरवर ‘आजपासून आमचा परस्परांशी संबंध नाही’ असे लिहितात, दोघांचे अंगठे किंवा सह्या घेतात आणि काडीमोड झाली असे समजून उठतात. दुसरी वाट कोर्टातील भांडणाची. एकाने दुसऱ्यावर आरोप करावे, दुसऱ्याने त्याहून मोठे करावे, आणि हळदीच्या हंगामातली मजुरी बुडवून दोघांनीही वर्षानुवर्षे तारखांना जावे.

पहिल्या वाटेत कोणता खड्डा आहे, हे आधी पाहू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 2 प्रमाणे तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. हे कोणाला रुचो वा न रुचो, आपला घटस्फोट त्याच कायद्याने होतो. त्याच कायद्याच्या कलम 29 ने रूढीने चालत आलेला घटस्फोट राखून ठेवला आहे, हेही खरे. हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनीच सभागृहाला दाखवून दिले होते की, ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य समाजात काडीमोड पूर्वापार आहे. घटस्फोट ही काही परदेशातून आणलेली वस्तू नव्हे. परंतु रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेली, हे दाखवावे लागते. आता विचार करा. जात सोडली, जातपंचायत सोडली, तिचे देव सोडले, आणि घटस्फोटापुरती तेवढी जातीची रूढी आपली, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? आणि सांगितलेच तर पुरावा कोठून आणणार? रूढी सिद्ध झाली नाही तर तो स्टँपपेपर म्हणजे नुसता कागद. त्याच्या भरवशावर दुसरा विवाह करणाऱ्यावर द्विविवाहाचा गुन्हा येऊ शकतो, आणि त्या दुसऱ्या पत्नीला पत्नीचा दर्जाच मिळत नाही. खड्ड्यात पडते ती बहुधा तीच.

तिसरी वाट मात्र आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नाही. 1955 च्या मूळ कायद्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट नव्हता. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात होता, पण तो शहरातल्या शिकलेल्यांच्या उपयोगी पडला. आपल्यासाठी ही सोय 1976 साली कलम 13-ब घालून झाली. पतिपत्नी एक वर्ष वा अधिक काळ वेगळे राहत असतील, एकत्र नांदणे शक्य नसेल आणि विवाह संपविण्यावर दोघांचे एकमत असेल, तर दोघांनी मिळून एकच अर्ज करावा. कोणी कोणावर आरोप करण्याचे कारण उरत नाही. सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टासमोर यावे. संमती खरी असल्याची खात्री पटली की हुकूमनामा मिळतो. दीड वर्षाहून अधिक काळ विभक्त राहिलेल्या आणि पोटगी, मुले वगैरे सर्व मिटवून आलेल्या जोडप्यांना सहा महिन्यांची वाट माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ठरविले. उलट, हुकूमनाम्यापूर्वी कोणाही एकाला संमती मागे घेता येते, हेही त्याच न्यायालयाने 1991 साली सांगितले आहे. म्हणून संमती मनापासून हवी. दटावून घेतलेली टिकत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील स्टू वेब नावाच्या वकिलाने 1990 च्या सुमारास याच्याही पुढचे पाऊल टाकले. दोन्ही पक्षांचे दोन वकील. पण दोघेही आधी लिहून देतात की बोलणी फिसकटली तर हा खटला आम्ही लढणार नाही. भांडण लांबल्याने वकिलाला काही मिळत नसेल, तर तो ते कशाला लांबवील? युक्ती साधी आहे. आपल्या कायद्यात हा प्रकार नावानिशी नाही, परंतु कोर्टातील मध्यस्थी आहे, आणि तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना व अनुसूचित जातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 1990 पासून बौद्धांचाही त्या जातींत समावेश आहे.

आता बैठकीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. बैठक वाईट नव्हे. माणसे समोरासमोर बसून बोलली तर कोर्टाचे काम निम्मे होते. पण आपल्या बैठकीत बसते कोण? पुरुष. जिचा संसार मोडतो आहे ती दाराआड उभी असते आणि तिचा भाऊ तिच्या वतीने ‘आम्हाला काही नको’ असे म्हणून मोठेपणा मिरवतो. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, घरचा अधिकार तिच्या हाती द्यावा, असे बुद्धाने सांगितले आहे. संसार संपतानाच तिचा मान संपला, असे त्यात कोठे आहे? तिला सतरंजीवर बसवा, तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका. स्त्रीधन तिचे आहे; ते परत देणे हे उपकार नव्हेत. मुलांचा खर्च आईने भावनेच्या भरात सोडून दिला तरी मुलांचा हक्क बुडत नाही. मुले कोणाकडे, भेटी केव्हा, शाळेची फी कोणाची, रक्कम एकदम की दरमहा, हे सारे आकड्यांसह लिहावे आणि तो कागद अर्जासोबत कोर्टासमोर ठेवावा.

एक अपवाद ठामपणे सांगतो. जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे बैठक नको आणि संमतीचा आग्रहही नको. त्या भगिनीने 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सरळ संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायाधीशाकडे जावे. तिला ‘समाजाची अब्रू’ सांगून थांबविणाऱ्यांनी समाज म्हणजे कोण, याचा विचार करावा.

ज्या विहारांत विवाह लावले जातात, तेथील उपासकांना आमची विनंती आहे की विवाहाची नोंदणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. दाखला नसला म्हणजे पुढे अर्ज करताना विवाह झाला होता, हेच आधी सिद्ध करावे लागते. आणि ज्यांनी मंगल परित्राण ऐकले ते साक्षीदार तोवर ऊसतोडीला गेलेले असतात.