'मला' गाळलेले वाक्य

'मला ही कादंबरी आवडली' आणि 'ही कादंबरी श्रेष्ठ आहे' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात 'मला' हे चतुर्थीचे रूप आहे. आवडण्याचा अनुभव कोणाचा, हे मराठी व्याकरण उघड सांगते. असे विधान कोणाला खोडता येत नाही. दुसऱ्यात अनुभव घेणारा नाहीसा होतो, आणि म्हणूनच त्या विधानाला पुरावा मागता येतो. आपल्या समीक्षेत अनेकदा पहिलेच वाक्य 'मला' गाळून दुसऱ्याच्या वेषात वावरते, असे माझे मत आहे.

त्याचा फटका बाबुराव अर्नाळकरांना (१९०६–१९९६) विशेष बसला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय घरोघरी पोहोचले. मीरा-भाईंदरमधील चौक या गावी धारावी किल्ल्याच्या टेकडीवरून खाडीपलीकडे वसई दिसते. अर्नाळकर या नावातला अर्नाळा तिच्याही उत्तरेस. या किनाऱ्यावर मासेमारी सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्यांच्या घरी त्यांची एखादी जीर्ण रहस्यकथा आजही असू शकेल. अभ्यासक्रमात ते क्वचितच भेटतात.

म्हणून अर्नाळकर आणि नेमाडे एकाच तोलाचे, असे मी म्हणणार नाही. 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकरचे बोलणे हीच त्याच्या मनाची अवस्था असते. अर्नाळकरांचे संवाद मुख्यतः कथानक पुढे नेतात. हा फरक मजकुरात बोट ठेवून दाखवता येतो. 'हजारोंनी वाचले म्हणून हलके' याचा पुरावा मात्र कोणत्याच पानावर सापडत नाही. खांडेकरांच्या 'ययाति'ला अफाट वाचक लाभले आणि १९७४ चे ज्ञानपीठही. ती कोणत्या कप्प्यात ठेवणार?

'तुमची आवडती कादंबरी' असा प्रश्न आला की उत्तरांत तीच चार-पाच मान्यवर नावे येतात. इतक्या भिन्न वयांच्या, व्यवसायांच्या विद्यार्थ्यांची आवड एवढी एकसारखी असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. झुंजार आवडत असेल तर निःसंकोच तसे लिहा, 'मला' या शब्दासह. मग तो कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्यामुळे आवडला, ते दाखवा. गुण त्या भागाला आहेत.