रोबोटला आपली गरज नसते

न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये एकट्या राहणाऱ्या ८०० हून अधिक ज्येष्ठांना 'एलिक्यू' नावाचा रोबोट द्यायचं ठरवलं. टेबलावर ठेवायचं यंत्र. स्वतःहून चौकशी करतं, औषधाची आठवण देतं. जपानचा 'पारो' त्याहून जुना, सीलच्या पांढऱ्या पिल्लासारखा. कुरवाळलं की प्रतिसाद देतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांना त्याने शांत वाटतं, हे मला मान्य आहे.

पण डोकं शाबूत असलेल्यांचं काय? माझ्या आत्याला मुलाने अमेरिकेहून बोलणारा स्पीकर पाठवलाय. ती त्यावर भजनं लावते, बास. मात्र समोरची नवी सून "आजी, मेतकूटाचं प्रमाण सांगा ना" म्हणत आली, तर आत्या दोन दिवस तेच सांगत बसली, मलाही फोनवर दोनदा! कुणाला तरी तिची गरज पडली होती. यंत्र तिची काळजी घेईल हो, पण त्याचं तिच्यावाचून काय अडतं?

गंमत म्हणजे रोबोटवेड्या जपानमध्येच पोस्टाची माणसं महिन्यातून एकदा ज्येष्ठांच्या घरी जातात, बसून बोलतात आणि मुलांना खुशाली कळवतात. पैसे घेऊन, पण माणूसच जातो.

आत्याच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे. उद्घाटनाची पाटी चकाचक, दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. उद्या रोबोटवाटपाची योजना आली तर फोटोसकट थाटात होईल. त्याआधी तिथे रोज चार तास बसणारा एक पगारी माणूस नेमा की!