फावल्या वेळचे विचार : जुनी कडी कोठें गेली?

व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसानें यंत्राविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस धाष्टर्य वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत मुलीकडे असतांना जें पाहिलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमच्या जावईबापूंजवळ जुनी पिकअप मोटार आहे. तिची गिअरची पेटी आपोआप चालणारी. क्लच दाबावयाचा नाहीं, कीं वाटेंत गिअर बदलावयाचा नाहीं. ही सोय प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारांत आली ती ओल्डस्मोबिल गाडीच्या १९४० च्या नमुन्यांत. या पेटींतील तेल केवळ वंगण नव्हे, तेंच तिचें बळ. पंप तें तळच्या तबकांतून गाळणीमार्गें ओढतो, त्याच्या दाबानें आंतील चकत्या एकमेकींस आवळल्या जातात, आणि गाडी चालते. तेलाबरोबर हवा ओढली गेली कीं दाब पडतो, चकत्या घसरतात आणि जळूं लागतात.

जावईबापूंनीं खर्च वांचावा म्हणून तेल व गाळणी स्वतःच बदलली. दुसरे दिवशीं सकाळीं गाडी मागें घ्यावयास दांडा टाकला, तों ती चारपांच सेकंद ढिम्म. मग एकदम हिसका. एंजिनाच्या गतीबरोबर पंपाचा रडका सूरही चढे. शनिवारीं बिऱ्हाड हलवावयाचें, मागें सामानाचा ट्रेलर जोडावयाचा, आणि मुलीस सातवा महिना! नव्या पेटीस कांहीं हजार डॉलर लागते. तेवढी शिल्लक घरांत नव्हती. शेजारी म्हणाला, "जुन्या पेटीचें तेल बदललें कीं ती मरतेच."

हा तर काकतालीय न्याय! पुष्कळ लोक पेटी आजारी पडल्यावरच तेल बदलतात, आणि ती मेली कीं दोष तेलाच्या माथीं. येथें तर आदल्या दिवसापर्यंत विकार नव्हता. काढलेलें तेल तपकिरी होतें, पण करपल्याचा वास नव्हता. तबकांतील चुंबकावर बारीक करडा गाळ होता, तो नित्याचाच. धातूचे तुकडे नव्हते. अर्थात् चकत्या शाबूत असाव्यात.

जावयास 'तुमचें चुकलें' म्हणणें सासऱ्यास शोभत नाहीं. म्हणून मी नुसते प्रश्न विचारीत गेलों.

"जावईबापू, तेल किती घातलेंत?"

"निघालें तेवढेंच, बाबा. पांच क्वार्ट."

तें योग्यच होतें. या जातीच्या पेटींत सुमारें अकरा क्वार्ट मावतें. तबक उतरविलें तरी निम्म्याहून अधिक आंत राहतें. मग पातळी पाहिली. एंजिनाचें तेल एंजिन बंद ठेवून मोजतात; ह्या पेटीचें उलट. गाडी सपाट जागीं, एंजिन चालू, तेल तापलेलें, दांडा सर्व स्थानांतून फिरवून 'पार्क'वर आणलेला. थंड किंवा बंद गाडींत मोजून फसलेले लोक थोडेथोडके नसतील. पातळी खुणेवर होती, पण मोजपट्टीस फेंस लागला. तेल अतिरिक्त झालें तर फिरते भाग तें घुसळून फेंस करितात. येथें तें अतिरिक्त नव्हतें. तेलाची जात पुस्तिकेंत सांगितलेलीच. तेव्हां एकच उरलें: पंप कोठून तरी हवा ओढीत होता.

"जुन्या गाळणीच्या मानेवरची रबरी कडी कोठें आहे?"

त्यांनीं कचऱ्याच्या पिशवींतून गाळणी काढली. मान उघडी! दोघेहि क्षणभर गप्प राहिलों. जुनी कडी पंपाच्या भोकांतच राहिली होती, आणि नवी गाळणी आपली नवी कडी घेऊन तिच्यावर अर्धवट टेकली होती.

सायंकाळीं तबक पुन्हां उतरलें. मीं विजेरी धरली. कडी काढावयास अर्धा तास गेला, कारण भोकाची धातू मऊ. स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा उठला तर हवेस दुसरी वाट. नव्या कडीस तेल लावून ती नीट बसविली, मग तिच्यांत गाळणी पूर्ण दाबली, आणि ताजें तेल भरलें. दांडा टाकतांच गाडी निमूट मागें सरली. रडका सूर नाहींसा झाला.

शनिवारीं ट्रेलर निघाला. मुलीनें वाटेंत विचारलें, "बाबा, काय बिघडलें होतें हो?"

"गाळणी नीट बसली नव्हती," एवढेंच मीं सांगितलें. जावईबापूंनीं आरशांतून माझ्याकडे पाहिलें, आणि पुढच्या थांब्यावर माझ्यासाठीं चहा घेऊन आले.