पक्षी दाखवायची गॅरंटी देणाऱ्यांनो, जरा थांबा

परवा रात्री आमच्या पक्षीमित्रांच्या बैठकीत मी भांडलो. आवाज चढला, डॉक्टरसाहेब उठून गेले, वहिनींनी केलेला चहा तसाच राहिला. काल दिवसभर तालुक्यात एकच चर्चा, "पत्रकाराचं डोकं फिरलंय." फिरलंय की नाही ते तुम्हीच ठरवा. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर आपण पक्षी सप्ताह साजरा करतो. चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. फलक, शाळेत भाषण, तलावावर फेरी, पेपरात फोटो. गेल्या सप्ताहात ठरलं की या वेळी काहीतरी मोठं करायचं, अरुणाचलला जायचं. एप्रिलमध्ये, ईगलनेस्टला, बुगुन लिओसिक्ला बघायला. बारा जण तयार झाले, त्यात मीही. हा पक्षी आयुष्यात एकदा बघायचा, ही माझीसुद्धा जुनी इच्छा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साळुंकीएवढा गाणारा पक्षी. अंग शेवाळी-राखाडी, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका, पंखांवर पिवळा, लाल, पांढरा रंग. रामना अथ्रेया नावाच्या माणसाला 1995 मध्ये तो पहिल्यांदा ओझरता दिसला. हे गृहस्थ पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुण्यात आयसरमध्ये शिकवणारे. पुन्हा नीट दिसायला 2005 उजाडलं. 2006 मध्ये त्यांनी तो नवीन जात म्हणून जगापुढे मांडला आणि नाव दिलं तिथल्या बुगुन समाजाचं.

आता मुद्द्याची गोष्ट. नवीन जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवायचा, ही शास्त्राची जुनी रीत. अथ्रेयांनी जाळ्यात आलेले दोन पक्षी मोजले, फोटो काढले, गळलेली पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिले. कारण तोवर त्यांच्या पाहण्यात आलेले सगळे मिळून 14 पक्षी होते. चौदा! आपल्या एसटी स्टँडवर चहाच्या टपरीपुढे सकाळी याहून जास्त माणसं उभी असतात. शास्त्रासाठी सुद्धा त्यातला एक कमी करायचा नाही, असं त्या माणसाने ठरवलं.

आणि आमचं काय ठरलं? शहरातल्या एका टूरवाल्याशी बोलणं झालं. माणशी 55 हजार, विमान वेगळं. मी फोनवर विचारलं, "साहेब, पक्षी दिसेल का?" तिकडून उत्तर आलं, "सर, अजिबात टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे कॉल आहे. स्पीकर लावला की दोन मिनिटांत समोर. मागच्या बॅचला फुल फ्रेम मिळालाय."

बैठकीत हे सांगितलं तर टाळ्या पडल्या. माझं डोकं तिथे फिरलं.

कॉल लावणं म्हणजे काय, ते सरळ सांगतो. एप्रिल-मे हा या पक्ष्यांचा जोडीचा आणि घरट्याचा काळ. नर आपली हद्द राखून असतो आणि गाणं हे त्याचं कुंपण. तुम्ही मोबाईलवर त्याच्याच जातीचं गाणं वाजवलं की त्याला वाटतं, आपल्या घरात दुसरा घुसला. तो चारा सोडतो, दाट बांबूतून बाहेर येतो, फांदीवर उघडा बसून ओरडत राहतो. आपण म्हणतो, "वा, काय पोज दिली!" ती पोज नसते हो. रात्री दोन वाजता तुमच्या दाराची कडी कोणी वाजवली आणि तुम्ही काठी घेऊन अंगणात आलात, तर तुमचा फोटो कसा येईल? तसा तो फोटो.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो, एकदा वाजवल्याने काय होतंय?" साहेब, आपलं एकदा. पण आपल्या पुढच्या गाडीतल्यांचंही एकदा आणि उद्या येणाऱ्यांचंही एकदाच. जंगल मोठं असलं तरी हा पक्षी सापडतो तो लामा कॅम्पच्या आसपासच्या थोड्याशा टापूत. सगळ्यांच्या गाड्या त्याच वळणावर थांबतात. त्या बिचाऱ्याने घरटं कधी बांधायचं? आययूसीएनच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडची पायरी. सातभाई किंवा बुलबुलाच्या बाबतीत जी चूक जंगल पचवून घेतं, ती इथे पचणार नाही.

दुसरा युक्तिवाद आमच्या गुरुजींचा. पर्यटक गेले नाहीत तर तिथल्या लोकांना पैसे कसे मिळणार? हा मुद्दा खरा आहे आणि मला मान्य आहे. हा पक्षी जिथे राहतो त्यातली बरीच जमीन अभयारण्याची नाहीच, ती बुगुन लोकांची आहे. सिंगचुंग गावाने आपल्या मालकीचं 17 चौरस किलोमीटर जंगल 2017 मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेतलं. लाकूड विकून पैसा मिळाला असता, तो सोडला. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. आपल्याकडे देवराईतली चार झाडं सभामंडपासाठी तोडताना कोणाचा हात थरथरत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तेव्हा पैसे त्या गावाला मिळालेच पाहिजेत. पण आमच्या 55 हजारांतले गावाला किती, हे विचारल्यावर टूरवाले म्हणाले, "लोकल गाईड असतो ना, सामान वगैरे बघायला." सामान बघायला! ज्याच्या आजोबांनी ते जंगल पायाखाली घातलं तो सामान बघणार, आणि विमानाने गेलेला 'एक्स्पर्ट' स्पीकर वाजवणार. बरं, त्या गाईडचं बक्षीस पक्षी दिसण्यावर ठरतं. बारा कॅमेरे खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो पोरगा "नको सर" कसा म्हणेल? ते म्हणणं आपलं काम आहे, आणि ते इथूनच, पैसे भरायच्या आधी म्हणायला हवं.

आता कोणी म्हणेल, हा मोठा आला शहाणा. तर माझं पाप सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी आपल्याच नदीकाठच्या आमराईत स्वर्गीय नर्तकाने घरटं केलं होतं. लांब पांढऱ्या शेपटीचा नर, काय देखणा! मी बातमी केली. मथळा, फोटो आणि आमराई कुठली, तेही नावासकट. तेव्हा मला वाटलं, केवढी चांगली बातमी. रविवारी सकाळी तिथे वीसेक मोटारसायकली आणि चार गाड्या उभ्या होत्या. कोणीतरी फोटोत आडवी येणारी फांदी कोयत्याने साफ केली. घरटं उन्हात आलं. मंगळवारी गेलो तेव्हा दोन पिल्लं खाली मुंग्यांनी भरलेली होती आणि तिसरं दिसलंच नाही. आमराईचे मालक आबा नुसतं एवढंच म्हणाले, "पेपरात घालायची काय गरज होती रं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

वन्यजीव कायदा 1972 चा. त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं धरलेलं आहे. म्हणजे त्या रविवारी तिथे जमलेले आम्ही सगळे पक्षीप्रेमी कायद्याच्या भाषेत कोण होतो, ते बघा. एकावरही गुन्हा दाखल झाला नाही. बातमीदारच आरोपी, तर बातमी करणार कोण?

पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर पडदे बांधून तासाच्या हिशोबाने जागा विकतात, तेही पाहून आलोय. म्हणून 'गॅरंटी' हा शब्द ऐकला की मला आमराई आठवते. विजेच्या मिक्सरला गॅरंटी असते, पाखराला नसते.

सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. मला जायचंच आहे. पण जायचं कसं, ते मी बैठकीत मांडलं होतं, गोंधळात कोणी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितो. मधला टूरवाला नको, थेट तिथल्या लोकांशी बोलू. इनर लाईन परमिट ऑनलाईन मिळतं, ते काढायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. बारा जण एका वळणावर नकोत, चार-चारच्या तुकड्या करू. स्पीकर घरी. मोबाईलवरचा कॉलसुद्धा नाही. गाईडचं बक्षीस आधीच ठरवून द्यायचं, पक्षी दिसो न दिसो. घरटं दिसलं तर मागे फिरायचं आणि जागा कोणालाही सांगायची नाही, मला तर नाहीच नाही. ईगलनेस्टमध्ये साडेचारशेच्या वर जातीचे पक्षी आहेत, हात हलवत कोणी परत येणार नाही. लिओसिक्ला नुसता ऐकू आला तरी माझे पैसे वसूल.

टूरवाल्याकडे भरलेला ॲडव्हान्स मी काल परत मागितला. कापून देतो म्हणाले, द्या म्हटलं. आतापर्यंत तिघांचे फोन आलेत, वरच्या अटींवर यायला तयार आहेत. त्यात एक वहिनी आहेत, ज्यांचा चहा आम्ही तसाच टाकून उठलो होतो. डॉक्टरसाहेब, तुमची जागा रविवारपर्यंत ठेवतो. लेन्स आणा खुशाल, स्पीकर तेवढा दवाखान्यात ठेवून या.