लहान पाकीट, मोठं पाकीट

निवडणूक आली की वाडीवर रात्री जीप येते, पाकिटं वाटली जातात. दुसऱ्या दिवशी शहरातली माणसं म्हणतात, आदिवासी पाचशे रुपयांत मत विकतो. कुणी पाकीट घेतलं असेल तर ते चूकच, ते आपण आपल्या सभेत बोलतो. पण मोठं पाकीट कुणाच्या घरी जातं? आज त्याचा हिशेब मांडू.

आपली पोरं चिंचवड-चाकणला ठेकेदाराकडं राबतात. त्या चिंचवडात फेब्रुवारी २०२३ मध्ये विधानसभेची पोटनिवडणूक झाली. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं.

मागच्या दारानं येतो तो कंपन्यांचा पैसा. १९५७ सालीच मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला यांनी टाटा कंपनीच्या खटल्यात बजावलं होतं, की या पैशानं लोकशाहीचा गळा आवळला जाईल. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये उठली. पुढं नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, तीही २०१७ मध्ये काढली. वर निवडणूक रोखे आणले. कंपनीनं स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, जनतेला नाव कळायचं नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे रोखे घटनाबाह्य ठरवले. यादी उघडली. आकुर्डीच्या बजाज ऑटोपासून खाणवाल्या वेदांतापर्यंत नावं निघाली. देणं तेव्हा कायद्यात बसत होतं, हे खरं. सगळ्यात जास्त पैसा भाजपला गेला, पण काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी यांनीही घेतला. डाव्या पक्षांनी रोखे नाकारले.

यात आपलं काय गेलं? साथींनो, पेरतो तो कापायला येतोच. कंपनीला हवी जमीन, पाणी, डोंगर. वनहक्क कायद्यामुळं जंगल द्यायचं तर आधी ग्रामसभेची संमती लागायची. २०२२ च्या नव्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी केली आणि आपलं विचारणं मागं ढकललं. हे अमक्याच्याच पैशानं झालं, असा पुरावा आपल्यापाशी नाही. पण देणाऱ्याचं नाव झाकून ठेवलं तर पुरावा सापडणार कसा? म्हणून तर नाव झाकतात.

आपल्या ग्रामसभेत दहा रुपये वर्गणी जमली तरी वहीत नावानिशी लिहितो, सगळ्यांसमोर वाचतो. तोच नियम पक्षांना लावा. मत मागायला येईल त्याला चावडीवर बसवा आणि विचारा: तुझ्या पक्षाला कुठल्या कंपनीनं किती दिले? आमच्या संमतीशिवाय जंगल देणार नाही, हे लिहून देतोस का? उत्तर वहीत लिहा, खाली त्याची सही घ्या.

सही करायला कचरला, तरी उत्तर मिळालंच समजा.

जिंदाबाद!